फुकटच्या मशीनचा हिशोब: लॅबसाठी रिएजंट रेंटलचा करार कसा करावा

"मॅडम, मशीनचा एक रुपया नको. पाच वर्षं आमचं रिएजंट वापरा, बस."

रुग्णालयाच्या लॅबचा चार्ज घेतला की महिन्याभरात विक्रेत्याचं हे वाक्य कानावर पडतंच. रिएजंट म्हणजे तपासणीसाठी मशीनला लागणारं रसायन. सोबत गुळगुळीत माहितीपत्रक आणि टेबल कॅलेंडर येतं. ट्रस्टी खूश होतात, कारण पंचवीस लाखांचा चेक फाडायचा वाचला. अकाउंट्सवाले खूश होतात, कारण घसाऱ्याची नोंद नको. गप्प बसून आकडे मांडायची वेळ फक्त लॅबवर येते, आणि नव्या माणसाला नेमकं काय मांडायचं हेच ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. पहिला करार मी वाचला होता, पण मोजला नव्हता. हा लेख अशा नव्या इन-चार्जसाठी आहे. शंभर-दीडशे खाटांचं रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

आधी कुठल्या प्रकारचा व्यवहार समोर आहे ते ओळखा

बोलताना सगळे सरसकट "रेंटल" म्हणतात, पण त्यात तीन-चार निरनिराळी प्रकरणं असतात.

पहिलं साधं रिएजंट रेंटल. मशीन कंपनीचं, जागा आणि माणसं तुमची. रिएजंटचं किट तुम्ही विकत घेता आणि मशीनची किंमत किटच्या दरात मुरलेली असते. किट वाया गेलं तर नुकसान तुमचं.

दुसरं "कॉस्ट पर रिपोर्टेबल टेस्ट", म्हणजे सीपीआरटी. इथे पैसे किटचे नाही, बाहेर गेलेल्या रिपोर्टचे. कंट्रोल (मशीन बरोबर मोजतंय का हे पाहायचे ठरावीक नमुने), कॅलिब्रेशन (मशीनचं माप जुळवणं), रिपीट (पुन्हा लावलेली टेस्ट) यांचा खर्च कंपनीच्या माथी. दर वरकरणी जास्त दिसतो, म्हणून पर्चेस कमिटी नाक मुरडते.

तिसरं मॅनेज्ड सर्व्हिस. एकच कंपनी सगळ्या विभागांची मशीन पुरवते, त्यात दुसऱ्या कंपन्यांचीही मशीन असतात. साठा, देखभाल, कधी कधी पाण्याचा प्लांट आणि लॅबचं सॉफ्टवेअरही तीच सांभाळते. महिन्याला एकच बिल येतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ही पद्धत चांगली रुळलेली आहे. आपल्याकडे मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत दिसते, मध्यम रुग्णालयांत अजून कमी.

चौथं म्हणजे लॅबच बाहेर देणं. महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांतले नमुने 'महालॅब'कडे जातात आणि ती एचएलएल लाइफकेअर चालवते. ते तपासणीचं आउटसोर्सिंग झालं. त्याचा विचार वेगळा आणि तो या लेखात नाही. रेंटलमध्ये रिपोर्टवर सही तुमच्याच पॅथॉलॉजिस्टची असते, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. मशीन परक्याचं असलं तरी त्याची कॅलिब्रेशनची नोंद, देखभालीची वही आणि चुकीच्या रिपोर्टची जबाबदारी तुमची. आयएसओ १५१८९:२०२२ या वैद्यकीय लॅबच्या गुणवत्ता मानकातही मशीन कुणाच्या मालकीचं आहे यावरून सवलत मिळत नाही. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचा असेसर आला की "ते कंपनीचं आहे" हे उत्तर चालत नाही.

पहिली पायरी: बारा महिन्यांचे आकडे काढा

कोटेशन मागवण्याआधी हे करा, नंतर नाही. लॅबच्या सॉफ्टवेअरमधून गेल्या बारा महिन्यांचे टेस्टनिहाय आकडे काढा, आणि तेही महिनावार. वर्षाची एकूण बेरीज घेऊन बारानं भागू नका. आपल्याकडे पावसाळा ओसरता ओसरता डेंग्यू येतो आणि ऑगस्टपासून पुढे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दुपटीवर जातात. एकाच पेशंटचे प्लेटलेट दिवसातून दोनदा मागितले जातात. मार्चमध्ये तेच मशीन दुपारी मोकळं बसलेलं असतं. सरासरीत हे दोन्ही महिने दडून जातात आणि पुढे करारात तेच अंगावर येतं. कसं, ते पुढे सांगते.

आकडे काढल्यावर प्रत्येक टेस्टसमोर आणखी चार रकाने करा: कंट्रोलला किती गेल्या, कॅलिब्रेशनला किती, रिपीट आणि डायल्यूशनला (नमुना पातळ करून पुन्हा लावायला) किती, आणि एक्स्पायरीत किती फेकल्या. शेवटचा रकाना बहुतेक लॅबमध्ये कोराच असतो. स्टोअरच्या रजिस्टरशी जुळवून तो भरायचा.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, दर म्हणून वापरू नका. तुमच्याकडे रोज १५ टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) होतात, म्हणजे महिन्याला ४५० रिपोर्ट. दोन लेव्हलचे कंट्रोल रोज लावले तर ६० टेस्ट त्यात गेल्या. कॅलिब्रेशनला ४ आणि रिपीटला साधारण ३ टक्के, म्हणजे १४. मशीननं एकूण ५२८ टेस्ट खाल्ल्या. १०० टेस्टचं किट ६,००० रुपयांना असेल तर विक्रेता "साठ रुपये टेस्ट" म्हणेल. तुमच्या खिशातून गेले ३१,६८०, म्हणजे रिपोर्टमागे ७० रुपये ४० पैसे. हा फरक सोसण्यासारखा आहे.

आता प्रोकॅल्सिटोनिन घ्या, म्हणजे गंभीर जंतुसंसर्ग ओळखायची टेस्ट. महिन्याला २० रिपोर्ट. महिन्यातले पंधरा दिवस टेस्ट लागली, दर वेळी दोन कंट्रोल, म्हणजे ३०. कॅलिब्रेशनचे ४. झाल्या ५४. किट १०० टेस्टचं आणि मशीनवर चढवल्यावर त्याचं आयुष्य समजा २८ दिवस. उरलेल्या ४६ कचऱ्यात. किट ६०,००० रुपयांचं धरलं तर कोटेशनवर दर दिसतो ६०० आणि रिपोर्टमागे पडतात ३,०००. पेशंटला तुम्ही लावलेला दर याहून कमी असू शकतो.

म्हणून यादीचे दोन भाग करा: रोज भरपूर होणाऱ्या टेस्ट आणि तुरळक होणाऱ्या. भरपूर होणाऱ्यांना किटचा दर परवडू शकतो. तुरळक टेस्ट सीपीआरटीवर द्या, नाहीतर सरळ बाहेरच्या रेफरल लॅबला पाठवा. त्यातही आयसीयूला रात्री दोन वाजता लागणारी टेस्ट आणि दोन दिवस थांबली तरी चालणारी टेस्ट यांत फरक करावा लागतो. प्रोकॅल्सिटोनिन पहिल्यात मोडते, म्हणून ती घरातच ठेवायची आणि फेकलेल्या किटचा भार कंपनीवर टाकायचा. व्हिटॅमिन बी-१२ ला एवढी घाई नसते.

कुठलं मशीन रेंटलवर घ्यायचं

इम्युनोॲसेचं, म्हणजे टीएसएच, प्रोकॅल्सिटोनिन यांसारख्या टेस्ट करणारं मशीन बहुधा रेंटलवरच योग्य. रोश, ॲबट, सीमेन्स, बेकमन कूल्टर, कुणाचंही घ्या, त्याला त्यांचंच रिएजंट लागतं. मशीन विकत घेतलंत तरी तुम्ही बांधलेलेच. मग पैसे का अडकवा? सीबीसीचं फाइव्ह-पार्ट (पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार मोजणारं) मशीनही याच गटात. बायोकेमिस्ट्रीत ओपन सिस्टीम मिळते, तिला कुठल्याही कंपनीचं किट चालतं. अशी सिस्टीम विकत घेणं बऱ्याचदा स्वस्त पडतं, पण प्रत्येक किटचे पॅरामीटर भरून व्हॅलिडेट करायची, म्हणजे निकाल बरोबर येतात हे तपासायची चिकाटी तुमच्या टेक्निशियनमध्ये हवी. सेंट्रिफ्यूज, मायक्रोस्कोप, इन्क्युबेटर, फ्रिज सरळ विकत घ्या. यांना रेंटलमध्ये घुसडणारा विक्रेता दुसरीकडे कुठेतरी ते वसूल करणारच.

विकत की रेंटल हे ठरवायला पाच वर्षांचं गणित मांडा. समजा वर्षाला ३६,००० सीबीसी होतात. रेंटलवर ३५ रुपये दर आहे, आणि मशीन विकत घेतलं तर तेच रिएजंट २२ रुपयांत मिळतं. टेस्टमागे १३ रुपये फरक. पाच वर्षांत १,८०,००० टेस्ट, म्हणजे २३ लाख ४० हजार. मशीन १८ लाखांचं, वॉरंटीनंतर चार वर्षं वर्षाला लाखभर रुपये देखभाल, झाले २२ लाख, वर भांडवलावरचं व्याज. थोडक्यात, दोन्ही सारखंच; मग रेंटल बरं, बिघाडाची डोकेदुखी त्यांची. पण तुमच्या टेस्ट दुप्पट झाल्या तर तोच फरक ४६ लाख ८० हजार होतो. मशीन मात्र तेच! त्यामुळे वाढत्या रुग्णालयानं सपाट दर कधीच मान्य करू नये. ठरावीक टेस्टच्या पुढे दर उतरला पाहिजे, आणि तो टप्पा करारातच आकड्यानं लिहिलेला हवा.

जागा, पाणी, वीज

हे कोटेशनमध्ये नसतं आणि मशीन दारात आल्यावर उपटतं. मोठ्या बायोकेमिस्ट्री मशीनला आरओ-डीआय (अतिशुद्ध) पाण्याचा प्लांट लागतो. तो कुणी बसवायचा, त्याची मेंब्रेन आणि काडतुसं कुणी बदलायची? ऑनलाइन यूपीएस कुणाचा आणि दोन वर्षांनी बॅटऱ्या बदलायच्या कुणी? एसी चोवीस तास लागणार, त्याचं बिल तुमचंच. सांडपाण्याची नळी कुठे सोडणार? जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ नुसार लॅबचं द्रवरूप सांडपाणी आधी प्रक्रिया करूनच गटारात सोडता येतं. रिएजंट २ ते ८ अंशांत ठेवायला जादा फ्रिज लागला तर तो कोण देणार?

मशीनची लांबी-रुंदी कागदावर घेऊन टेपनं जागा मोजा. दरवाजा आणि लिफ्टसुद्धा. हसू नका, लिफ्टमध्ये न मावलेलं मशीन चौघांनी जिन्यानं चढवताना मी पाहिलं आहे आणि त्यानंतरचं पहिलं कॅलिब्रेशन लागायला तीन दिवस गेले होते.

दर मागवताना तक्ता तुमचा, त्यांचा नाही

प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीचा नमुना देते. कुणी किटचा दर, कुणी टेस्टचा, कुणी कंट्रोल वेगळे, कुणी वॉश सोल्युशन शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. त्यातून तुलना होत नाही. तुमचा एकच तक्ता बनवा आणि सांगा, यातच भरून द्या. रकाने: टेस्ट, वर्षाचे रिपोर्ट, किटचा आकार, मशीनवर चढवल्यानंतरचं आयुष्य, कॅलिब्रेटर, कंट्रोल, वॉश, डायल्युएंट, लाइज (लाल पेशी फोडणारं द्रावण), क्युव्हेट, टिप, आणि शेवटी एका रिपोर्टचा सगळं धरून, करासहित दर.

करासहितवर जोर आहे. रुग्णालयाची आरोग्यसेवा जीएसटीमुक्त असते, म्हणून खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. तो सरळ खर्चात जातो. निदानाच्या किट आणि रिएजंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी "करासहित" दरानं केलेला करार तुमच्या कपाटात असेल तर आजच काढून बघा, उतरलेला कर तुमच्या बिलात उतरला आहे का. मशीन वापरायला देणं आणि रिएजंट विकणं हा एकच व्यवहार धरायचा की दोन, हा वाद केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. म्हणून बिलाची मांडणी कशी असेल ते तुमच्या सीएला सही होण्याआधी दाखवा, नंतर नाही.

डेमो जरूर घ्या, पण कंपनीच्या शोरूममध्ये नाही. तेच मशीन वापरणाऱ्या, तुमच्याएवढ्याच लोडच्या एका लॅबमध्ये जा. डॉक्टरांशी बोलू नका, रात्रपाळीच्या टेक्निशियनशी बोला. "महिन्यातून किती वेळा कॉल टाकता?" एवढं विचारलं तरी पुरे. तो उत्तर देण्याआधी हसला तर समजून जा.

करारातली कलमं

इथे घाई करू नका. मसुदा कंपनीच्या वकिलानं कंपनीसाठी लिहिलेला असतो. तो बदलता येतो, हेच नव्या माणसाला कुणी सांगत नाही.

*"टेस्ट" म्हणजे काय.* व्याख्येत लिहून घ्या: पेशंटच्या नावे रिलीज झालेला रिपोर्ट म्हणजे एक टेस्ट. कंट्रोल, कॅलिब्रेशन, रिपीट, लिनिॲरिटीबाहेर (मशीन मोजू शकतं त्या मर्यादेबाहेर) गेल्यावर केलेलं डायल्यूशन, मशीनच्या चुकीनं वाया गेलेली रन, वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजसारख्या संस्थेनं लॅब तपासायला पाठवलेले बाह्य गुणवत्ता कार्यक्रमाचे नमुने, यांतलं काहीही टेस्ट नाही. नव्या लॉटची (रिएजंटच्या नव्या बॅचची) तपासणीही नाही. ही एक ओळ नसेल तर मशीनच्या आतला काउंटर जे दाखवेल त्याचं बिल येतं.

*किमान हमी.* "महिन्याला किमान ३,००० सीबीसी" हे कलम निरुपद्रवी वाटतं. वरचं ३६,००० चं उदाहरणच घ्या. आठ महिने २,२०० च्या दरानं १७,६०० होतात आणि डेंग्यूचे चार महिने ४,६०० च्या दरानं १८,४००. वर्षाची बेरीज बरोबर ३६,०००, हमी पुरी. पण हिशोब दर महिन्याला होणार असेल तर आठ महिने ८०० टेस्ट कमी पडल्या, ३५ रुपयांनी महिन्याला २८,००० आणि वर्षाला २ लाख २४ हजार दंड. चार महिने दिलेला जादा धंदा मात्र कुणी मोजत नाही. म्हणून हमी वर्षाची असावी, आणि आकडा मागच्या वर्षाच्या खऱ्या आकड्याच्या ७०-७५ टक्केच असावा. पुढच्या वर्षी नवं आयसीयू सुरू होणार, मग टेस्ट वाढणार, असल्या आशेवर हमी देऊ नका. कोविडसारखी लाट, संप, इमारतीची दुरुस्ती, रुग्णालयाचं एखाद्या सरकारी योजनेतून बाहेर पडणं, या काळात हमी स्थगित राहील असं लिहून घ्या. मशीन बंद असलेले दिवसही हमीतून वजा व्हायला हवेत.

*बिघाड.* यावर जरा लांबड लावते, कारण माझं तोंड इथेच पोळलं आहे.

सप्टेंबरमधला रविवार होता. मेडिसिन वॉर्ड भरलेला, कॉरिडॉरमध्ये जादा खाटा, आणि सकाळी साडेनऊला सीबीसी मशीननं प्रेशर एरर दाखवून जीव टाकला. बॅकअप म्हणून दिलेलं छोटं मशीन तीन महिने कुणी चालू केलं नव्हतं आणि त्याचं लाइज एक्स्पायर झालं होतं. कॉल टाकला. करारात "प्रतिसाद २४ तासांच्या आत" असं होतं. वीस मिनिटांत प्रतिसाद आला, इंजिनिअरचा फोन: "मॅडम, एकदा बंद करून चालू करून बघा." तो फोन म्हणजेच त्यांच्या लेखी प्रतिसाद. कलमाचं पालन झालं! इंजिनिअर सोमवारी दुपारी आला, पार्ट मंगळवारी संध्याकाळी.

मधले अडीच दिवस आमच्या दोन टेक्निशियननी प्लेटलेट हातानं मोजले. रक्त अमोनियम ऑक्झलेटमध्ये १:२० पातळ करायचं, न्यूबॉअर चेंबर (पेशी मोजायची रेघा आखलेली काच) भरायचं, पेट्रीडिशमध्ये ओल्या फिल्टरपेपरवर पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं म्हणजे प्लेटलेट तळाला बसतात, मग मायक्रोस्कोपखाली एकेक घर मोजायचं. एका पेशंटला वीस-पंचवीस मिनिटं. त्यातली ज्येष्ठ बाई निवृत्तीला टेकलेली होती, तिचा हात अजून त्यात बसलेला होता म्हणून निभावलं. धाकट्या मुलानं चेंबर कॉलेजच्या प्रॅक्टिकलनंतर पहिल्यांदाच हातात धरलं होतं.

तेव्हापासून करारात मी चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून घेते. फोन किती वेळात. माणूस लॅबच्या दारात किती तासांत, रविवार आणि सण धरून. मशीन पुन्हा चालू किती तासांत. आणि तोवर रिपोर्ट कुठून द्यायचे: बॅकअप मशीन जागेवर हवं, त्याचं रिएजंट कंपनीनं ताजं ठेवायचं आणि आठवड्यातून एकदा त्यावर कंट्रोल लावायचे. बॅकअपही पडलं तर बाहेरून करून घेतलेल्या टेस्टचं बिल कंपनी भरेल. महिन्याचा अपटाइम (मशीन चालू राहण्याचा वेळ) ९७-९८ टक्के मागा, पण तो मोजायचा कसा तेही लिहा. ९७ टक्के ऐकायला भारी वाटतं. ७२० तासांचे ३ टक्के म्हणजे जवळजवळ बावीस तास. ते सगळे एकाच रविवारी येऊ शकतात. त्यामुळे टक्क्यांबरोबर "एका वेळी सलग सहा तासांहून जास्त नाही" असंही टाका. जवळचा इंजिनिअर कुठे राहतो हे विचारायला लाजू नका. पुण्याबाहेरच्या रुग्णालयाला या प्रश्नाचं उत्तर दरापेक्षा महत्त्वाचं.

*मशीनचं वय.* "नवीन" हा शब्द आणि उत्पादनाचं साल करारात हवं. दुसऱ्या रुग्णालयातून परत आलेलं, धुऊन-पुसून, नवी पॅनेल लावलेलं मशीन सर्रास बसवलं जातं. ते वाईटच असतं असं नाही. मात्र मग दर तसा हवा आणि मुदत तीन वर्षांची हवी, पाच नाही. कंपनीनं ते मॉडेल बंद केलं तर काय, हेही विचारा.

*एक्स्पायरी.* लॅबला पोहोचताना किटचं किमान सहा महिने आयुष्य शिल्लक हवं. कंट्रोल-कॅलिब्रेटरला थोडी सूट द्यावी लागते. शक्यतो एका लॉटचा साठा तीन महिन्यांचा राखून मागा, नाहीतर दर पंधरा दिवसांनी नवा लॉट आणि दर वेळी नवी तपासणी. बॉक्स आला की थर्मामीटर लावूनच घ्यायचा. बर्फ वितळलेला बॉक्स परत, सही नाही.

*दरवाढ.* वर्षाला आपोआप ५ टक्के वाढ हे कलम जवळपास प्रत्येक मसुद्यात सापडेल. खोडा. फार तर दोन वर्षांनी, तेही दोघांच्या लेखी संमतीनं. नव्या टेस्टची भर पडली तर तिचा दर कसा ठरणार हेही आत्ताच लिहा. करार झाल्यावर घासाघीस करायची ताकद तुमच्याकडे राहत नाही.

*सॉफ्टवेअरची जोडणी.* मशीन लॅबच्या सॉफ्टवेअरला दोन्ही दिशांनी जोडलेलं हवं: ऑर्डर जायला हवी आणि निकाल यायला हवा. जोडणीचा खर्च कुणाचा? तुमचा सॉफ्टवेअरवाला एक रक्कम सांगतो, मशीनवाला म्हणतो ते आमचं काम नाही. मध्ये टेक्निशियन आकडे हातानं टाइप करत बसतो आणि ७.२ चा २.७ होतो. कंपनी दुरून मशीनमध्ये शिरून दुरुस्ती करते, ती सोयीची आहे, पण ते दार कुणाच्या परवानगीनं उघडतं याची नोंद ठेवा. ३ जून २०२४ ला लंडनमधल्या सिनोव्हिस या पॅथॉलॉजी सेवेवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला. किंग्ज कॉलेज आणि गाईज अँड सेंट थॉमस या मोठ्या रुग्णालयांच्या रक्ततपासण्या कोलमडल्या, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि ओ गटाच्या रक्तदात्यांना आवाहन करावं लागलं. आपल्या लॅबवर कोण हल्ला करतंय, असं म्हणून सोडू नका. कागदी वर्कलिस्टवर एक दिवस लॅब चालवून बघा.

मशीन आलं, फीत कापली; आता लगेच पेशंटचे नमुने लावायचे नाहीत

कंपनीचा इन्स्टॉलेशन रिपोर्ट म्हणजे तुमचं व्हेरिफिकेशन, म्हणजे मशीन तुमच्या लॅबमध्ये बरोबर चालतंय याची तुम्ही केलेली खात्री, नव्हे. दोन्ही लेव्हलचे कंट्रोल पाच दिवस, रोज पाच वेळा लावून निकाल दर वेळी सारखा येतो का ते बघा. जुन्या आणि नव्या मशीनवर निदान ४० पेशंटचे नमुने समांतर लावा, त्यात कमी, मध्यम, जास्त असे सगळे घ्या. नॉर्मल निघालेले चाळीस नमुने घेऊन आलेख सरळ आला म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. याला लागणारं रिएजंट कंपनीनं मोफत द्यायचं, हेही करारात.

यातून एक गोष्ट बाहेर पडते आणि ती लॅबच्या भिंतीआड ठेवायची नाही. कंपनी बदलली की ट्रोपोनिनचा (हार्ट अटॅक ओळखायच्या टेस्टचा) कट-ऑफ बदलतो, कधी एककही बदलतं. पीएसए, सीए-१२५ या कॅन्सर मार्करचे आकडे दोन कंपन्यांच्या मशीनवर सारखे येत नाहीत. ज्या पेशंटचा कॅन्सर मार्कर दर तीन महिन्यांनी बघितला जातो त्याचा आकडा नुसत्या मशीन बदलामुळे वर गेला, तर डॉक्टर आजार परतला असं समजेल. म्हणून बदलाच्या आधी आठवडाभर सगळ्या डॉक्टरांना लेखी कळवा, रिपोर्टवर पद्धतीचं नाव छापा, आणि मार्करच्या जुन्या पेशंटचा एक नमुना दोन्ही मशीनवर करून नवा पाया आखून द्या. आमच्या सर्जननी त्या पत्रावर "पाहिले" लिहून सही केली आणि पंधरा दिवसांनी फोन केला, "हा पीएसए असा कसा?" पत्र हाताशी होतं म्हणून संभाषण दोन मिनिटांत संपलं.

प्रशिक्षण सगळ्या पाळ्यांना मिळालं पाहिजे. अकरा ते एक, चहा-समोशासह, जे दोघं ड्युटीवर असतात त्यांनाच शिकवून ॲप्लिकेशनवाला (कंपनीचा प्रशिक्षक) निघून जातो. रात्रीच्या माणसाचंही प्रशिक्षण झाल्याशिवाय इन्स्टॉलेशनच्या कागदावर सही देऊ नका.

दर महिन्याला एक तास

पहिल्या तारखेला मशीनचा काउंटर, लॅबच्या सॉफ्टवेअरचा आकडा आणि कंपनीचं बिल, तिन्ही शेजारी ठेवा. जुळणार नाहीतच, फरकाचं कारण सापडलं पाहिजे. रिपीट अचानक वाढले असतील तर मशीन आजारी आहे, किंवा रात्रपाळी प्रत्येक नमुना दोनदा लावते आहे. बंद पडलेल्या तासांची वही मशीनशेजारीच टांगा: वेळ, एरर कोड, कॉल नंबर, माणूस कधी आला, कधी सुरू झालं. भिंतीवरची ही वही वकिलाच्या पत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते. वर्षअखेरीला मी तिची बेरीज कंपनीच्या एरिया मॅनेजरपुढे ठेवली तेव्हा त्यानं वाद घातला नाही, फक्त विचारलं, "एवढं लिहून ठेवता तुम्ही?"

करार संपताना

मुदत संपायच्या सहा महिने आधी जागे व्हा. बऱ्याच करारांत "तीन महिने आधी लेखी कळवलं नाही तर आपोआप दोन वर्षं वाढेल" असं असतं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. नवीन मशीन येऊन व्हेरिफाय होईपर्यंत जुनं जागेवर राहील आणि रिएजंट त्याच दरानं मिळेल, हेही मूळ करारात असावं लागतं. उरलेली न उघडलेली किटं कंपनी परत घेणार की नाही, तेही.

मशीन उचलायला माणसं येतात तेव्हा सगळे नव्या मशीनच्या कौतुकात असतात. त्या जुन्या मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये पाच वर्षांच्या पेशंटची नावं, वयं आणि निकाल पडलेले असतात, कदाचित एचआयव्हीचेही. एनएबीएलसाठी लागणाऱ्या नोंदी आधी बाहेर काढून तपासून घ्या, मग डेटा पुसला आहे असं कंपनीच्या इंजिनिअरकडून लेखी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर यात हयगय नकोच. मशीन निर्जंतुक केल्याचा कागद तुम्ही त्यांना द्यायचा, कारण ते उघडणाऱ्या माणसालाही संसर्ग होऊ शकतो. मग गेटपास. त्यावर मशीनचा, कॉम्प्युटरचा आणि यूपीएसचा, तिन्हींचे सिरियल नंबर. यूपीएस आमचाच होता, तो टेम्पोत चढलेला वॉचमननं नंबर बघून खाली उतरवून घेतला.